शूर्पारकाची खाडी : गाळाने बुजलेल्या एका बंदराचा इतिहास

देवगाव फाटा, सेलू, जिंतूर, मानवत हा सारा मुलूख समुद्रापासून शंभराहून अधिक कोस दूर. येथील माणसाने पाणी पाहिले ते दुधनेचे, पूर्णेचे, आणि पर्वणीला गेला तर गंगेचे, म्हणजे आपल्या गोदावरीचे. भरती-ओहोटी हे शब्द येथे शाळेच्या पुस्तकातच भेटतात. तेव्हा मंदिराच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिकेत एका बंदराचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे.

त्याचे उत्तर रस्त्यात आहे. फाटा म्हणजे जेथे वाट फुटते ती जागा. फाट्यावर वस्ती होते ती शेतीच्या जोरावर नव्हे, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या जोरावर. दोन हजार वर्षांपूर्वी मराठवाड्यातून जी मोठी वाट पश्चिमेकडे निघत होती, तिचे दुसरे टोक समुद्रावर होते. आपल्या पश्चिमेस गोदाकाठी पैठण, दक्षिणेस तेर आणि वायव्येस भोकरदन ही त्या काळची नामांकित शहरे. तेथून निघालेले बैल जुन्नरावरून नाणेघाट उतरत आणि कल्याण व सोपारा या बंदरांना माल पोचवीत. या दोहोंपैकी सोपाऱ्याची खाडी आज बुजलेली आहे. ज्या पाण्यावर गलबते डोलत होती तेथे भाताची शेते झाली, मिठागरे झाली, आणि आता तर चार-चार मजली इमारती उभ्या आहेत. हे सोपारे म्हणजेच मुंबईच्या उत्तरेचे नालासोपारा. नाला आणि सोपारा ही दोन जुनी गावे. रेल्वेच्या पाटीवर त्यांचे एक नाव झाले. मराठवाड्यातून पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेली कितीतरी माणसे आज त्याच बाजूला भाड्याच्या खोल्यांत राहतात. आपण एका प्राचीन बंदराच्या तळावर राहतो आहोत, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

प्रथम भूगोल पाहू, कारण या बंदराचे भाग्य आणि दुर्भाग्य दोन्ही त्यातच होते. दक्षिणेस वसईची खाडी. तिच्यातून उल्हास नदीचे पाणी समुद्राला मिळते. उत्तरेस वैतरणा नदीचे मुख. पूर्वेस तुंगारेश्वराचा डोंगर आणि पश्चिमेस अरबी समुद्र. या चौकटीत वसई, निर्मळ, आगाशी, सोपारे हा जमिनीचा पट्टा पूर्वी बेटासारखाच होता, कारण त्याच्या मागच्या अंगाने, डोंगर आणि बेट यांच्यामधून, वसईच्या खाडीपासून वैतरणेपर्यंत एक आडवी खाडी जात होती. तीच सोपाऱ्याची खाडी. तिच्या काठी, समुद्राकडे पाठ करून, सोपारे वसले होते.

समुद्राकडे पाठ करणारे बंदर ही कल्पना आपल्याला विचित्र वाटेल. पण खलाशाला विचारले तर तो म्हणेल की अशीच जागा हवी. मृगापासून नैर्ऋत्येचा वारा सुटला की कोकणच्या किनाऱ्यावर उघड्या समुद्रात जहाज टिकत नाही. येथे मात्र पुढे बेटाची भिंत आणि आत संथ पाणी. जहाज भरतीबरोबर आत यावे, ओहोटी लागली की चिखलावर अलगद टेकावे, माल उतरवावा आणि पुन्हा भरती आली की निघावे. या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाणी चार ते पाच मीटर चढते. त्या काळची उथळ बुडाची जहाजे अशा जागी सुखाने राहत. धक्का, गोदी, यंत्रे काही नको. सारे निसर्गानेच बांधून दिलेले.

सोपाऱ्याचे जुने संस्कृत नाव शूर्पारक. महाभारतात ते येते आणि परशुरामाच्या कथेशी ते जोडलेले आहे. बायबलातील ओफीर म्हणजे सोपारे, असे काही पाश्चात्त्य पंडितांनी मांडले होते. ते सर्वमान्य झालेले नाही, आणि त्यावाचून सोपाऱ्याचे काही अडतही नाही. कारण पक्का पुरावा दगडावर आहे. सम्राट अशोकाने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकात आपल्या राज्याच्या मोक्याच्या ठिकाणी जे मोठे शिलालेख कोरविले, त्यांतील आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली सोपाऱ्यास सापडला, आणि नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात मिळाला. पाटलीपुत्राच्या राजाला आपला शब्द जेथे ऐकवावासा वाटला ते गाव लहान नसणार. अपरान्ताचे, म्हणजे उत्तर कोकणाचे, ते मुख्य नगर होते.

बौद्ध ग्रंथांत सोपाऱ्याच्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याची कथा आहे. सहा वेळा तो समुद्रपार जाऊन सुखरूप परत आला. सातव्या खेपेस जहाजावर श्रावस्तीचे व्यापारी होते. ते पहाटे जी वचने म्हणत ती ऐकून त्याने ही कोणाची म्हणून विचारले आणि पुढे तो भगवान बुद्धांचा शिष्य झाला. आपल्याच मुलखात परत जाऊन उपदेश करण्याची त्याने अनुज्ञा मागितली, तेव्हा बुद्धांनी त्याला विचारले की तेथील लोक उग्र आहेत, त्यांनी शिव्या दिल्या तर काय करशील? शिव्याच दिल्या, हात तर उगारला नाही, म्हणून त्यांना भले समजेन, असे तो म्हणाला. मारले तर शस्त्र चालविले नाही म्हणून भले समजेन, असे म्हणत म्हणत तो अगदी प्राण घेण्यापर्यंत गेला. दर्यावर्दी माणसाचेच हे उत्तर शोभते. वादळाशी ज्याची सोयरीक त्याला माणसांच्या रागाचे काय?

सातवाहनांचे राज्य पैठणहून चालत होते तेव्हा सोपाऱ्याला बहर आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या प्रवासवर्णनात सोपारा, कल्याण आणि चौल या बंदरांची नावे आहेत. तोच लेखक सांगतो की भडोचपासून पैठण दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून तगर, म्हणजे आपले तेर, पूर्वेस आणखी दहा दिवसांवर आहे. पैठणहून मौल्यवान खडे येतात आणि तेरहून कापड, जाडेभरडे आणि तलम दोन्ही. काळ्या मातीतला कापूस आणि तेरच्या मागावरचे वस्त्र समुद्रापलीकडच्या बाजारात विकले जात होते, याहून अधिक मराठवाड्याने अभिमान तरी कशाचा धरावा? १९३८ साली इटलीतील पॉम्पेई येथे, इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडलेल्या घरात, हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्या घडणीच्या मूर्ती तेर आणि भोकरदन येथे निघालेल्या आहेत. जालना जिल्ह्यातल्या गावातला हात कोठवर पोचला होता, त्याची ही खूण.

त्याच प्रवासवर्णनात एक कटु गोष्टही आहे. कल्याण बंदर राजकारणाच्या कात्रीत सापडले होते. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या चढाओढीत तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जात. बंदर गाळाने मरते तसे राजांच्या भांडणानेही मरते, फक्त त्याला वेळ कमी लागतो.

क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात आपल्या दानांची यादी कोरून ठेविली आहे. त्यात भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे वाटसरूंसाठी चौसोपी विश्रांतिस्थाने बांधल्याचा उल्लेख आहे. शूर्पारकाच्या रामतीर्थाचेही नाव त्यात येते, आणि तेथील व इतर ठिकाणच्या साधूंच्या समुदायांसाठी बत्तीस हजार नारळीच्या रोपांचे दान दिल्याचे लिहिले आहे. बत्तीस हजार नारळी! कार्ल्याच्या चैत्यातील खांबांवर सोपाऱ्याच्या दात्याचे नाव आहे. वर्गणीदारांच्या नावांची शिळा भिंतीत बसविण्याची रीत किती जुनी आहे, हे यावरून ध्यानी येईल. राजांच्या बखरी त्या काळी कोणी लिहिल्या नाहीत. सोपाऱ्याचा आपल्याला ठाऊक असलेला बराचसा इतिहास दाते आणि त्यांचे दान यांच्या कोरीव नोंदींतूनच हाती आला आहे.

सोपाऱ्याच्या पश्चिमेकडील एका उंचवट्याला गावकरी बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ च्या एप्रिलमध्ये जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. भगवानलाल हे डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम करून तयार झालेले संशोधक. इंग्रजी विद्यापीठाचे शिक्षण नाही, पण जुन्या लिपी वाचण्यात त्यांची बरोबरी करणारे थोडेच होते. कोट म्हणजे विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत मध्यभागी तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती ब्राँझच्या आठ मूर्ती, बुद्धांच्या सात आणि भावी बुद्ध मैत्रेयाची एक. करंड्यात एकात एक अशी चांदी, दगड, स्फटिक आणि शेवटी सोने यांची पात्रे. सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे होते. बुद्धांच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ते भाविकांनी जपले होते. सोन्याच्या आत माती, हा क्रम कोणाही भाविकाला समजण्यासारखा आहे.

त्या पेटीत सातवाहन राजा गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी याचे चांदीचे नाणे मिळाले, म्हणजे दुसऱ्या शतकाचा काळ. पण ब्राँझच्या मूर्ती मात्र घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या ठरतात. याचा अर्थ असा की स्तूप बांधल्यावर पाच-सहाशे वर्षांनी तो कोणीतरी पुन्हा उघडला, दुरुस्त केला, नव्या मूर्ती आत ठेविल्या आणि विटा पुन्हा बसविल्या. तो जीर्णोद्धारच होय. कोणी केला, वर्गणी कोणी जमविली, त्यांची नावे मात्र कोठे कोरलेली नाहीत.

शिलाहारांच्या काळी, म्हणजे नवव्यापासून तेराव्या शतकापर्यंत, उत्तर कोकणात सोपारे अजून नावाजलेले होते. अरब प्रवासी त्याला सुबारा म्हणत. शिलाहार राजा अपरादित्याने काश्मीरच्या विद्वत्सभेला जो तेजकंठ नावाचा पंडित पाठविला होता, तो या शूर्पारकाच्या मुलखातून गेला होता. जैनांच्या चौऱ्याऐंशी तीर्थांत सोपाऱ्याची गणना होती. जिंतूरच्या नेमगिरीला जाणाऱ्या यात्रेकरूंना हे सांगण्याजोगे आहे. पुढे देवगिरीच्या महादेव यादवाने तेराव्या शतकात शिलाहार राजा सोमेश्वराचा पराभव केला. सोमेश्वर समुद्रात बुडाला, असे हेमाद्रीने लिहिले आहे. बोरिवलीजवळ एकसरला नौकायुद्ध कोरलेले वीरगळ आहेत; काही अभ्यासक ते याच लढाईचे मानतात. चारठाण्याच्या मंदिरांना आपण ज्या हेमाडपंताच्या नावाने ओळखतो, त्याच्याच धन्याचे हे आरमार. मराठवाड्यातल्या राजाने समुद्रावर लढाई जिंकावी, याचे नवल वाटते खरे.

यानंतर मात्र सोपाऱ्याचे नाव विरळ होत जाते. १३२१ साली ठाण्यात मारल्या गेलेल्या चार ख्रिस्ती साधूंना जॉर्डानस नावाच्या त्यांच्या सोबत्याने सोपाऱ्यास आणून पुरले. तोपर्यंत गाव नांदते होते, पण मोठा व्यापार ठाणे आणि चौलकडे सरकला होता. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली तेव्हा त्यांनी किल्ला आणि शहर उभारले ते खाडीच्या तोंडाशी, वसईस. आतल्या सोपाऱ्यास मोठी जहाजे नेण्याचा प्रश्नच उरला नव्हता. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली. त्या मोहिमेच्या कथा सर्वांना पाठ आहेत. पण ज्या मुलखासाठी ती लढली गेली त्यातले सर्वांत जुने बंदर त्याआधीच जमीन होऊन गेले होते.

हे घडले कसे? कोणी आक्रमण केले नाही, भूकंप झाला नाही. दरवर्षी पावसाळ्यात तुंगारेश्वराच्या उतारावरून ओढे माती घेऊन खाडीत उतरत. दुसरीकडून भरतीचे पाणी समुद्रातला बारीक चिखल आणि वाळू आत आणी. खाडीला दोन तोंडे. भरती दोन्हीकडून आत शिरे आणि मध्ये कोठेतरी एकमेकींना भेटे. जेथे दोन प्रवाह समोरासमोर येतात तेथे पाणी थबकते, आणि थबकलेले पाणी आपले ओझे खाली टाकते. ज्या शांतपणामुळे जहाजे येथे निर्धास्त होती, त्याच शांतपणामुळे गाळ येथे बसला. उथळ झालेल्या कडेला तिवरे उगवली. तिवरांच्या मुळ्यांनी आणखी चिखल धरला. मग माणसाने बांध घालून त्यात भात पेरले, मीठ पिकविले. बांध घातला की भरतीचे पाणी पसरायला जागा कमी मिळते, ओहोटीचा जोर घटतो, आणि जो जोर पूर्वी खाडीचे पात्र धुऊन नेत असे तो राहत नाही. म्हणजे गाळाला माणसाची साथ मिळाली. इकडे जहाजे मोठी होत गेली, त्यांना खोल पाणी लागू लागले. खाडी वर येत होती आणि जहाजांचे बूड खाली जात होते. या दोहोंच्या मध्ये सोपारे संपले.

ही गत एकट्या सोपाऱ्याची नाही. चौलची खाडीही अशीच उथळ झाली. पंधराव्या शतकात निकितिन नावाचा रशियन व्यापारी त्याच चौलला उतरून जुन्नरमार्गे बिदरला गेला होता. गोव्यात कदंबांची गोपकपट्टण ही जुवारीकाठची राजधानी गाळाने मागे पडली आणि व्यापार मांडवीकाठच्या एला गावी गेला. तुर्कस्थानातले एफेसस तर जगातल्या सात आश्चर्यांपैकी एका देवळाचे गाव. त्याच्या बंदरात नदीने इतकी माती आणली की आज तेथून समुद्र कित्येक किलोमीटर दूर आहे.

आपल्याकडे गाळाचे काम कोणाला समजावून सांगावे लागत नाही. सेलू तालुक्यातच वालूरची चक्राकार बारव आहे. ती गाळाने भरली होती. अलीकडच्या वर्षांत गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली, तेव्हा कोठे पायऱ्या दिसल्या. १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या जलाशयात आणि आपल्या निम्न दुधनेच्या धरणातही हेच चालू आहे. बंदर असो, बारव असो की धरण, संथ पाणी दिसले की माती तेथे मुक्कामाला येते. २०१७ पासून सरकारने धरणातला गाळ काढून शेतात टाकण्याची योजना चालविली आहे, तिचा लाभ या भागातल्या अनेक शेतकऱ्यांनी घेतला. पाण्यात तो शत्रू, रानात तो सोने. सोपाऱ्यालाही तसेच झाले. खाडी गेली, पण त्या मातीवर पिढ्यान्‌पिढ्या भात पिकला, केळी आणि फुलांच्या वाड्या झाल्या, मुंबईच्या बाजाराला वसईची केळी आणि भाजी गेली. बंदर मेले म्हणून गाव मेले नाही. नावाड्यांच्या जागी बागाईतदार आले इतकेच.

१८६४ साली गुजरातकडून मुंबईला रेल्वे सुरू झाली आणि रूळ याच जुन्या पाणथळ भागातून गेले. पुढे शंभर वर्षांनी वाड्या आणि मिठागरे जाऊन चाळी आल्या, चाळींनंतर इमारती. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या १२ लाखांवर होती. खाडीच्या उरल्यासुरल्या वाटा भरावाने आणि बांधकामांनी अडल्या. पण डोंगरावरून उतरणारे पाणी आपली जुनी वाट विसरलेले नाही. जुलै २०१८ च्या पावसात नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले, गाड्या बंद पडल्या, तळमजल्यांवरच्या घरांत कमरेएवढे पाणी शिरले. पावसाळ्यात हे वारंवार घडते. ज्यांच्या घरातले कोणी तिकडे राहते त्यांना श्रावणात फोनवरून या बातम्या कळतच असतात. त्या पाण्याला लोक नालेसफाईच्या नावाने बोल लावतात, आणि तो अर्धा खराही आहे. उरलेला अर्धा असा की ती जागाच मुळी पाण्याची होती.

सोपाऱ्याचा स्तूप आज संरक्षित स्मारक आहे. सेलूहून देवगिरी एक्सप्रेसने मुंबईस जाणाऱ्याने दादरला विरारची गाडी धरावी, नालासोपाऱ्यास उतरावे आणि स्थानकाच्या पश्चिमेस सोपारे गावाची वाट विचारावी. वाटेत चक्रेश्वराचे तळे आणि देऊळ लागते; देवळाच्या आवारात जुन्या मूर्ती आहेत, त्याही पाहाव्यात. अशोकाच्या लेखाचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, आणि करंडे व ब्राँझच्या मूर्ती एशियाटिक सोसायटीकडे आहेत. स्तूपापाशी गेल्यावर पूर्वेकडे तोंड करून उभे राहावे. समोर दिसतात त्या इमारतींच्या रांगा आणि त्यांच्यामागे तुंगारेश्वराचा डोंगर. पैठणचे बैल ज्या पाण्याच्या काठी येऊन थांबत, ते पाणी या दोहोंच्या मध्ये होते.